कानकोरण्याचा इतिहास

हडप्पा येथील उत्खननाचा माधो सरूप वत्स यांनी सिद्ध केलेला अहवाल १९४० साली प्रसिद्ध झाला. त्या अहवालात मुद्रा, मडकी आणि धान्याची कोठारे यांच्या वर्णनांबरोबर एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूची नोंद आहे. तांब्याची तीन बारीक साधने टोकाशी असलेल्या कडीत एकत्र ओवलेली आहेत. त्यांपैकी एक टोचा, दुसरा चिमटा आणि तिसरे कानकोरणे. याच घाटाचे संच इराकमधील ऊर आणि कीश येथील प्राचीन अवशेषांतही सापडले असून सिंधू आणि मेसोपोटेमिया यांच्यामधील संबंधांची चर्चा करताना पुराणवस्तुतज्ज्ञांनी त्यांची तुलना केली आहे. ज्या लोकांची लिपी अद्याप निर्विवादपणे वाचता आलेली नाही, ते आपल्या कानांतील मळ कशाने काढीत होते हे मात्र आपणांस निश्चितपणे सांगता येते. सुमारे साडेचार हजार वर्षे लोटली. पण कानकोरण्याचा घाट जवळजवळ तसाच राहिला. एक बारीक दांडी आणि तिच्या टोकाशी इवलासा पळीसारखा खोलगट भाग, एवढेच त्याचे स्वरूप. तक्षशिला येथील उत्खननातही सर जॉन मार्शल यांना सुरम्याच्या सळयांबरोबर अशी साधने मिळाली.

साधन इतके जुने आणि इतके सोपे असले, तरी ते कसे वापरावे आणि कोणी वापरावे, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. कानातील मळ सुरक्षितपणे काढण्याचे ज्ञान मानवाने फार पूर्वी मिळविले, मध्यंतरी त्याचा काही भाग गमावला आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत मोठ्या कष्टाने ते पुन्हा हाती घेऊन त्यात भर घातली.

प्रथम या पदार्थाच्या नावाचाच विचार करावा लागतो. मराठीत आपण त्याला ‘मळ’ म्हणतो, आणि ही समजूत फार जुनी आहे. मनुस्मृतीत माणसाच्या शरीराचे बारा मळ सांगितले आहेत, त्यांत कानातील मळाची गणना आहे. आयुर्वेदातही तो मांसधातूपासून उत्पन्न होणाऱ्या मलांपैकी एक मानला आहे. उलट युरोपातील वैद्यांनी त्याला जे नाव दिले ते ‘मेण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. नावातील या फरकामुळे दृष्टीतही फरक पडतो. मळ म्हटला की तो काढून टाकणे हेच कर्तव्य ठरते. मेण म्हटले की ते कशावर तरी लेपलेले आहे आणि त्याचा काही उपयोग असावा, अशी शंका तरी मनात येते. ही शंका रास्त होती. कानाच्या नळीच्या बाहेरील सुमारे एकतृतीयांश भागातील सूक्ष्म ग्रंथींतून हा चिकट पदार्थ स्रवतो. तो किंचित आम्ल असतो, धूळ आणि किडे अडवितो, पाणी आत मुरू देत नाही आणि जंतूंच्या वाढीला अटकाव करतो. म्हणजे तो मळ नसून पहारेकरी आहे. मात्र हाच पहारेकरी दारात घट्ट बसून राहिला, तर आतबाहेरची वाट बंद होते. कान दडे बसल्यासारखा होतो, आवाज येऊ लागतात, कधी खोकला किंवा घेरीही येते.

प्राचीन भारतीय वैद्यांनी या अवस्थेचा स्वतंत्र रोग म्हणून विचार केला होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले असून त्यांत ‘कर्णगूथ’ हा एक आहे. पित्ताच्या उष्णतेने कानातील कफ वाळला म्हणजे तो होतो, असे त्याचे निदान आहे. निदानाची परिभाषा आज मान्य होणार नाही. परंतु चिकित्सेचा क्रम पाहिला तर आजचा तज्ज्ञही मान डोलावील. वैद्याने प्रथम तेलाने तो मळ भिजवावा, मग शेक देऊन विरघळवावा आणि त्यानंतरच शलाकेने नीट काढावा, असे तेथे सांगितले आहे. तेल आधी, शेक नंतर आणि शलाका सर्वांत शेवटी. ते काम करणारा ‘भिषक्’ म्हणजे वैद्य असावा, हेही त्या वचनात स्पष्ट आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात कर्णशोधनाच्या यंत्राचे वर्णन करताना त्याचे टोक पिंपळाच्या पानाच्या अग्रासारखे आणि तोंड यज्ञातील स्रुव्यासारखे असावे असे सांगितले आहे. चरकाने तर रोज कानात तेल घालण्याचा नियम दिनचर्येत सांगून त्यामुळे बहिरेपणा आणि वातामुळे होणारे कानाचे विकार होत नाहीत, अशी ग्वाही दिली आहे. नित्य तेलाची ती ग्वाही आजचे वैद्यक देणार नाही. पण कोरडा मळ खरवडण्यापेक्षा तो मऊ करणे बरे, ही दृष्टी तीत होती.

याच विचारापर्यंत भूमध्य समुद्राच्या काठीही लोक पोचले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने आपल्या वैद्यकग्रंथाच्या सहाव्या भागात कानाच्या विकारांचा विचार केला आहे. कान मळाने भरला असेल आणि तो मळ कठीण असेल, तर ऊन तेल किंवा मधात खललेली काही द्रव्ये कानात सोडावीत. मळ सुटू लागला म्हणजे कोमट पाण्याने धुवावा आणि मग कानाच्या सळईने बाहेर घ्यावा, असा त्याचा सल्ला आहे. कानासाठी वापरावयाच्या खास पिचकारीचाही तो उल्लेख करतो. येथेही क्रम तोच. आधी भिजवावयाचे, मग काढावयाचे. दोन भिन्न संस्कृतींतील जाणते एकाच निष्कर्षावर यावेत, यात नवल नाही; कारण दोघांनीही हा नियम तर्काने नव्हे, तर दुखावलेल्या कानांच्या अनुभवाने शिकलेला असावा.

परंतु ग्रंथातील नियम आणि घरातील वहिवाट यांत नेहमीच अंतर असते. रोममध्ये कानकोरणे ही घरोघरची वस्तू होती. कवी मार्शल याने मेजवानीतील पाहुण्यांना द्यावयाच्या लहानसहान भेटींवर जी मुक्तके रचली, त्यांत कानकोरण्यालाही एक मुक्तक लाभले आहे. पुढे युरोपात कानकोरणे हा एक दागिनाच होऊन बसला. सोन्याचांदीचे कोरणे गळ्यातील साखळीत अडकवून मिरविण्याची पद्धत पडली. १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोझ’ हे इंग्लंडच्या राजाचे लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यावरील खलाशांच्या सामानात फण्यांबरोबर कानकोरणीही होती. चीन आणि जपान या देशांत बांबूच्या कानकोरण्याला घरात मानाचे स्थान मिळाले. चीनच्या चेंगडू शहरातील चहागृहांत कान साफ करणारे कारागीर आजही आपला व्यवसाय करतात.

भारतात हे काम अंशतः न्हाव्याच्या धोकटीत गेले आणि अंशतः एका स्वतंत्र फिरत्या व्यावसायिकाकडे आले. उत्तर भारतात त्याला ‘कनमैलिया’ म्हणतात. कर्नल जेम्स स्किनर याने १८२५ साली हांसी येथे ‘तश्रीह-उल-अक्वाम’ हा हिंदुस्थानातील जातीजमातींचे वर्णन करणारा सचित्र फारसी ग्रंथ तयार करविला. त्यात राजे, फकीर आणि कारागीर यांच्याबरोबर कान साफ करणाऱ्याचेही चित्र आहे. दिल्ली, कलकत्ता आणि मुंबई या शहरांतील रस्त्यांना ही मूर्ती चांगली परिचयाची होती. डोक्याला लाल पागोटे, पागोट्यात खोवलेल्या सळया, हातात कापूस आणि तेलाची कुपी, असा त्याचा थाट असे. मुंबईच्या चौपाटीवर संध्याकाळी तेलमालीश करणाऱ्यांच्या शेजारी तोही बसलेला दिसे.

या माणसाविषयी लिहिताना दोन टोके टाळली पाहिजेत. तो निव्वळ भोंदू होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बापाकडून मुलाकडे आलेला हा हुन्नर होता. चांगला कारागीर आधी तेलाचे थेंब सोडी, थांबे आणि मग हलक्या हाताने मळ उचली. म्हणजे सुश्रुताचा क्रम त्याच्या बोटांत उतरला होता. ज्या काळी कानाचा डॉक्टर गावात नव्हताच, त्या काळी असंख्य लोकांना पुन्हा ऐकू येऊ लागले ते याच्या हाताने. तथापि त्याची साधने एका कानातून दुसऱ्या कानात न उकळता जात, आणि कानातून काढला म्हणून दाखविलेला खडा हातचलाखीचा असतो, हा आक्षेपही त्याच्यावर वारंवार घेतला गेला आहे. याहून मोठी उणीव त्याच्या दोषाची नव्हती, ती साधनांची होती. त्याला कानाच्या आतले दिसत नव्हते. नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, वाकडी आणि अंधारी. तिच्या तळाशी कागदासारखा पातळ पडदा. सूर्याच्या उजेडात कान ओढून धरला तरी नजर थोडीच आत जाई. पुढचे सारे काम स्पर्शाच्या भरवशावर चाले.

हा अंधार दूर करण्याचे श्रेय एका खेड्यावजा जर्मन गावातील डॉक्टरकडे जाते. वेस्टफालिया प्रांतातील फ्रीड्रिख हॉफमन याने १८४१ साली मध्यभागी छिद्र असलेला अंतर्गोल आरसा वापरून दिवसाचा उजेड रुग्णाच्या कानात पाडला आणि त्या छिद्रातून आत पाहिले. या कल्पनेकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १८५५ मध्ये आंटोन फोन ट्रॉल्च याने तीच युक्ती स्वतंत्रपणे पुढे मांडली, आणि त्यानंतर कपाळावरील आरसा ही कानाच्या डॉक्टरची खूणच ठरली. सुश्रुत आणि सेल्सस यांनी घालून दिलेल्या ‘आधी भिजवा, मग काढा’ या नियमात आता ‘आधी पाहा’ या नियमाची भर पडली. मळ म्हणून जे खरवडले जात होते ते कधी कधी मळ नसून सूज, पू किंवा फाटलेला पडदा असतो, हे प्रथमच डोळ्यांनी दिसू लागले.

यानंतरचा धडा व्हिएन्नाने दिला. तेथील थोर कर्णतज्ज्ञ आडाम पोलिट्झर यांच्या रुग्णालयात विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट बारानी हा तरुण डॉक्टर काम करीत होता. रुग्णांच्या कानांत पिचकारीने पाणी सोडणे हे त्याचे नित्याचे काम. या कामात काही रुग्णांना घेरी येई. एका रुग्णाने तक्रार केली की पाणी थंड असले म्हणजेच आपणांस चक्कर येते. बारानीने पुढच्या वेळी पाणी तापविण्यास सांगितले; ते फारच ऊन झाले आणि रुग्णाला पुन्हा चक्कर आली. दुसरा एखादा डॉक्टर परिचारिकेवर चिडून मोकळा झाला असता. बारानीने मात्र रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहिले. थंड पाण्याच्या वेळी बुबुळे ज्या दिशेने हिसके देत होती, त्याच्या उलट दिशेने ती आता हिसके देत होती. अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रव थंड झाला की खाली उतरतो, तापला की वर चढतो आणि त्या प्रवाहामुळे स्थिर असलेल्या माणसालाही आपण फिरत आहोत असे वाटते, हा उलगडा त्याने केला. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची परीक्षा करण्याची रीत त्यातून निघाली, आणि १९१४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्याला जाहीर झाले. ते जाहीर झाले तेव्हा हा ऑस्ट्रियन सैन्याचा डॉक्टर रशियनांच्या युद्धबंदी छावणीत होता. स्वीडनच्या राजपुत्राच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये त्याची सुटका झाली. कानातला मळ धुण्याच्या कामातून नोबेल पारितोषिकापर्यंत गेलेली ही एकमेव वाट असावी. सामान्य माणसाच्या हाती यातून आलेला नियम साधा आहे. कानात सोडावयाचे पाणी शरीराच्या उष्णतेइतकेच कोमट हवे. थंड नको आणि ऊनही नको.

कानाविषयीचे आणखी एक सत्य बोस्टन येथील डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक याच्यामुळे पुढे आले. १८७४ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला ध्वनीच्या प्रयोगांसाठी मृत माणसाचा कान मिळवून देणारा तो हाच ब्लेक. त्या कानाच्या पडद्याच्या कंपनांचा अभ्यास करीत असताना बेलच्या मनात टेलिफोनच्या कल्पनेने आकार घेतला. हाच ब्लेक फाटलेल्या पडद्यावर कागदाची चकती चिकटवून उपचार करी. १८८२ साली त्याने नमूद केले की ही चकती जागच्या जागी राहत नाही. हळूहळू सरकत ती पडद्यावरून नळीच्या भिंतीवर आणि तेथून बाहेर येते. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पडद्यावर शाईचे ठिपके ठेवून याची पद्धतशीर मोजणी झाली. कानाची कातडी पडद्याच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूस सतत सरकत असते आणि जुना मळ आपल्याबरोबर दाराशी आणून टाकते. जेवताना आणि बोलताना होणारी जबड्याची हालचाल या कामास साहाय्य करते. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत कान स्वतःला स्वतःच झाडून काढतो. शिवाय मळ मुळात बाहेरच्या भागातच तयार होत असल्यामुळे तो पडद्यापाशी सापडला, तर कोणीतरी तो आत ढकललेला असण्याचा संभव मोठा.

हे ज्ञान हाती आल्यावर कानकोरण्याची सवय सुटावयास हवी होती. घडले ते उलटे. १९२३ साली पोलंडमध्ये जन्मलेले अमेरिकन गृहस्थ लिओ गर्स्टनझँग यांनी आपली पत्नी दात कोरण्याच्या काडीला कापूस गुंडाळून बाळाची स्वच्छता करीत असल्याचे पाहिले आणि तयार कापसाची काडी बाजारात आणली. पुढे ‘क्यू-टिप्स’ या नावाने ती जगभर गेली. ती स्वस्त, पांढरीशुभ्र आणि निरुपद्रवी दिसणारी असल्यामुळे घरोघरच्या आरशापुढे तिने धातूच्या कोरण्याची जागा घेतली. वास्तविक कापसाच्या काडीने थोडा मळ टोकाला लागतो आणि उरलेला बंदुकीत दारू ठासावी तसा आत ठासला जातो. ही काडी कानाच्या नळीत घालू नये, अशी सूचना पुढे डब्यांवरच छापली जाऊ लागली. पण छापील सूचनेपेक्षा सवय बलवत्तर ठरली. अमेरिकेतील एका पाहणीनुसार १९९० ते २०१० या एकवीस वर्षांत सुमारे २,६३,००० मुलांना कापसाच्या काडीने कान दुखावल्यामुळे रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात न्यावे लागले. त्यांपैकी बहुतेक इजा कान स्वच्छ करतानाच झाल्या होत्या. कनमैलियाला निदान दुसऱ्याचा कान दिसत तरी होता. कापसाची काडी धरणाऱ्याला स्वतःच्या कानातले काहीच दिसत नाही.

सर्वांचा मळ सारखा नसतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. काहींचा ओलसर, मधासारखा. काहींचा कोरडा, कोंड्यासारखा. पूर्व आशियात कोरड्या मळाचे लोक फार, तर युरोप आणि आफ्रिकेत ओल्या मळाचे. हा भेद एकाच जनुकातील एका बारीक फरकावर अवलंबून असल्याचे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. भारतात दोन्ही प्रकारचे लोक आढळतात. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेला उपाय आपणांस लागू पडेलच असे नाही.

भारताच्या दृष्टीने हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. २००७ मध्ये केंद्र सरकारने बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम पंचवीस जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. त्या संदर्भात उद्धृत होणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत, दूर करता येण्याजोग्या श्रवणदोषांचे सर्वांत मोठे कारण कानातील मळ हेच असल्याचे दिसून आले. त्याचे प्रमाण १५.९ टक्के होते. या आकड्यामागे माणसे आहेत. शाळेतील मागच्या बाकावरचा मुलगा प्रश्नाचे उत्तर देत नाही म्हणून ढ ठरतो. घरातील म्हातारी दोनदा विचारते म्हणून सून कंटाळते, आणि ‘वयामुळे व्हायचेच’ असे म्हणून सारे तिला संभाषणातून वगळतात. यांतील काहींचा बहिरेपणा वयाचा नसतो, बुद्धीचा तर नसतोच. काही दिवसांच्या उपचाराने जाईल असा मळाचा खडा तेवढा मध्ये असतो. तो कोणी पाहिलेला नसतो, इतकेच.

मग हट्टी मळाचे काय करावे? आजच्या वैद्यकाचे उत्तर ऐकताना प्राचीनांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कानाला त्रास नसेल तर मळाला हात लावू नये. त्रास असेल तर प्रथम काही दिवस ऑलिव्हचे तेल, सोड्याचे थेंब किंवा तत्सम द्रव कानात सोडून मळ मऊ करावा. या थेंबांविषयीच्या प्रयोगांचा २०१८ साली जो मोठा आढावा घेण्यात आला, त्यात थेंब घालणे हे न घालण्यापेक्षा हितकर ठरले. परंतु महागडे औषध साध्या पाण्यापेक्षा किंवा मिठाच्या पाण्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे महत्त्व द्रव्याला नसून भिजविण्याला आणि थांबण्याला आहे. तेवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरने कान पाहून कोमट पाण्याने धुवावा किंवा सूक्ष्म नळीने मळ ओढून घ्यावा. जुनी हाताची पिचकारी मोठ्या माणसांसाठी वापरू नये, असे इंग्लंडमधील अधिकृत मार्गदर्शनात २०१८ साली सांगण्यात आले. कारण तिचा जोर हाताच्या अंदाजावर अवलंबून असतो. ज्याचा कान वाहतो किंवा दुखतो, ज्याच्या पडद्याला छिद्र आहे किंवा ज्याच्या कानावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्याने तेल, पाणी वा थेंब यांपैकी काहीही डॉक्टरला विचारल्यावाचून घालू नये. लसूण घालून कढविलेले तेल गरम असताना कानात ओतण्याची आपल्याकडील रीत तर सर्वथैव सोडून द्यावी; त्याने कातडी आणि पडदा भाजतो. आणि एका कानाने अकस्मात ऐकू येईनासे झाले, तर तो मळच आहे असे गृहीत धरून दिवस दवडू नयेत. काही कारणांवर उपचार लवकर झाला तरच श्रवण वाचते.

हडप्पाच्या त्या तांब्याच्या संचातील कानकोरणे कोणाचे होते हे कधीच कळणार नाही. पण त्याच्या धन्याला जो मोह होत होता तोच आजही होतो. कान खाजला की हात काडीकडे जातो. त्या हाताला आवरून आधी भिजवावे, जाणत्याकडून आत पाहून घ्यावे आणि काढण्याचे काम शेवटी त्याच्यावरच सोपवावे, एवढे शिकावयास मानवाला चार हजारांहून अधिक वर्षे लागली. हे ज्ञान ग्रंथांत आणि रुग्णालयांत आता सुरक्षित आहे. ते घरातील आरशापुढे पोचणे अद्याप राहिले आहे.